हळदीच्या गोदामातील गिटार

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या पंधरवड्यात रॉक, मेटल आणि पंक या गिटार-ड्रमच्या दणदणीत पाश्चात्त्य संगीताविषयी दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पहिल्या पत्रलेखकांच्या मते हा निव्वळ धांगडधिंगा आहे आणि त्याच्या नादी लागलेली मुले आज ना उद्या व्यसनाच्या वाटेला जातात. दुसऱ्यांनी त्याही पुढे जाऊन, कवट्यांची चित्रे असलेले काळे टी-शर्ट घालून संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसणाऱ्या मुलांवर पोलिसांनी नजर ठेवावी, अशी सूचना केली आहे. त्या घाटावर बसणाऱ्यांत माझा नातू असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना माझा पक्षपात वाचकांना आपल्या हिशेबाने वजा करता येईल.

मी एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे गायन शिकवले. मिरजेच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना किती मुले बसवली, याची मोजदाद आता नाही. सवय तानपुऱ्याच्या चार तारांची असल्यामुळे मला हे संगीत आवडते असे मुळीच नाही. अर्ध्या तासापलीकडे ते मला ऐकवत नाही, त्यातली बरीच गाणी एकसुरी वाटतात, आणि काहींचे शब्द नातवाकडून समजून घेतल्यावर ते समजले नसते तर बरे झाले असते, असेही वाटले आहे. तेव्हा मी त्या संगीताची वकिली करायला बसलेली नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच की, एखादे संगीत कानाला न रुचणे वेगळे आणि ते ऐकणाऱ्याच्या चारित्र्याचा निकाल लावणे वेगळे, आणि निदान सांगली-मिरजेच्या माणसांनी तरी या दोहोंची गल्लत करू नये, कारण ती गल्लत पूर्वी आपल्याच कलावंतांना फार महाग पडली आहे.

पत्र आताच लिहिण्याचे कारण सांगते. नातू आणि त्याचे तीन मित्र मिळून एक बँड आहे. ड्रम वाजवणारा मुलगा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिशियन आहे, बास गिटार वाजवणारी मुलगी फार्मसीला आहे, गाणारा मुलगा वडिलांच्या गॅरेजमध्ये काम करतो आणि नातू अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीड वर्षात त्यांनी स्वतःची सहा गाणी रचली, त्यातली चार मराठी आहेत, आणि दोन तासांच्या कार्यक्रमासाठी शहरातील एका लहानशा सभागृहाची तारीख मागितली. व्यवस्थापनाने अर्ज घेतला, अनामत भरून घेतली, आणि कार्यक्रमाला नऊ दिवस उरले असताना तारीख रद्द झाल्याचे फोनवर कळवले. अर्जातील ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ या रकान्यात मुलांनी प्रामाणिकपणे ‘रॉक व मेटल संगीत’ असे लिहिले होते आणि ते म्हणे नजरचुकीने वाचायचे राहून गेले होते. कारण विचारले तेव्हा, असल्या कार्यक्रमांना कसली मुले येतात ते आम्हाला ठाऊक आहे, असे उत्तर मिळाले. अनामत परत आली, लेखी कारण आले नाही. त्याच महिन्यात त्याच सभागृहात एका वाढदिवसाचा डीजे रात्री साडेअकरापर्यंत वाजत होता, हे मी ऐकीव सांगत नाही, त्या वाढदिवसाला मलाच आमंत्रण होते.

मुले सराव करतात ती जागा पाहण्यासाठी मी त्यानंतर मुद्दाम गेले. मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीचे एक जुने गोदाम आहे. माल नसतो त्या महिन्यांत मालक ते मुलांना रविवारी दुपारी वापरू देतात. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मुलांनी भिंतींना आणि दाराला गोणपाटाचे दुहेरी थर लावले आहेत, आणि ड्रमवर काठी पडली की त्या गोणपाटातून हळदीची पिवळी धूळ उडते. पहिल्या गाण्याला मी दोन्ही कानांवर हात ठेवले, कारण तो आवाज कानाच्या आधी छातीवर येऊन आदळतो. मुलीने मला फोमची बोंडे आणून दिली. ती चौघे स्वतःही सरावाच्या वेळी कानात तीच घालतात, हे पाहून बरे वाटले. दुसऱ्या गाण्यापासून मी ऐकू शकले.

आणि मग मला जे ऐकू आले ते मी इथे थोडे विस्ताराने सांगणार आहे, कारण ‘हे संगीतच नाही’ या आक्षेपाला उत्तर तिथे आहे. नातवाचा हात गिटारवर ज्या स्वरांवर सतत जात होता ते दोनच होते, षड्ज आणि पंचम, आणि वर तार षड्जाची जोड. या मंडळींच्या भाषेत त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. एरवी पाश्चात्त्य संगीतातल्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या जुडग्यात, गंधार असतो आणि तो कोमल की शुद्ध यावरून कॉर्डचा भाव ठरतो, मात्र अॅम्प्लिफायरवर आवाज मुद्दाम फाडला की गंधार गढूळ होतो, म्हणून तो सोडून देतात आणि उरते ते सा-प. माझ्या तानपुऱ्याच्या तारा ज्या स्वरांत मिळवलेल्या असतात ते हेच. आयुष्यभर ज्या दोन स्वरांच्या आधाराने मी मुलांकडून आरोह-अवरोह म्हणून घेतले, तेच त्या गोदामात कवचकुंडले घालून उभे होते, म्हणून मला ते ओळखू आले नव्हते.

फाटलेला आवाज हा या संगीताचा दोष मानला जातो, आणि इथे तर मिरजकरांनी क्षणभर थांबायला हवे. अॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर ताणले की ध्वनिलहरीचे शेंडे कापले जातात आणि मूळ स्वरावर वरच्या स्वरांशांची भर पडते. याला डिस्टॉर्शन म्हणतात. आरंभी ते बिघाडातून सापडले, १९६४ मध्ये एका इंग्रज वादकाने तर त्यासाठी आपल्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला, आणि पुढे त्याच कामासाठी पायाने दाबायची, लहान डबीसारखी पेडल मिळू लागली. आता आपल्या तानपुऱ्याकडे पाहावे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची पाठ कानशीने अशा बेताने उतरवलेली असते की तार तिला सुटता सुटता घासते, आणि वर सुताचा दोरा सरकवून त्या घासण्यातून झणकार काढला जातो. तो झणकार म्हणजेच जवारी. जवारी नसलेला तानपुरा आपण मुका म्हणतो. स्वच्छ तारेत खर मिसळून स्वर भरदार करण्याची ही कला मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिची सुरुवात करणारे फरीदसाहेब शिकलगार समाजातले, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या, धातूकाम जाणणाऱ्या घरातले होते, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सर्वांनी त्याचा अभिमान मिरवला. नातवाची गिटार कुरकुरू लागली तेव्हा त्याने ती मिरजेतल्याच एका कारागिराकडे नेली. त्यांनी तिच्या मानेवरची हाडाची पट्टी घासून दिली आणि पेडल लावून आवाज ऐकल्यावर म्हणाले, ‘ही तुमची जवारी जरा दांडगी आहे.’ मी त्यात भर घालण्यासारखे काही नाही.

तीव्र मध्यमाविषयी, म्हणजे चढ्या ‘म’विषयीही सांगायला हवे. मेटल या प्रकाराची सुरुवात ज्या बँडपासून धरतात, त्या ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या पहिल्याच अल्बममधले पहिले गाणे षड्ज, तार षड्ज आणि तिथून खाली तीव्र मध्यम अशा तीन स्वरांवर उभे आहे. षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतच्या या अंतराला युरोपातल्या जुन्या संगीतपंडितांनी सैतानाचे नाव दिले होते, आणि या संगीतावर सैतानपूजेचा जो शिक्का बसला त्याला या स्वरांनीही हातभार लावला. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनात, पूरियात, मारव्यात आहे, म्हणजे ऐन दिवेलागणीच्या वेळी. सैतान राहिला बाजूलाच, आपण त्या स्वरावर देवापुढे समई लावतो. मेटलच्या मंडळींना प्रिय असलेला एक स्वरसमूह तर चक्क आपला भैरवी थाट आहे. कवट्यांबद्दल म्हणाल, तर ज्या घरात कालीच्या गळ्यातली मुंडमाळ आणि स्मशानात बसलेला महादेव यांची चित्रे भिंतीवर असतात, त्या घरातल्यांनी टी-शर्टवरच्या कवटीला किती घाबरावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता एक घरगुती गोष्ट. माझे यजमान कुपवाडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. रात्रपाळीला डोळा लागला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. त्याआधी ते उत्तम तबला वाजवत, त्यानंतर त्यांनी तबल्याला हात लावला नाही, आणि मीही पुन्हा आग्रह धरला नाही. सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी यांची हकिगत नातवाने मला सांगितली तेव्हा मी ती दोनदा सांगायला लावली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात सतरा वर्षांचे असताना ते पत्राकामाच्या कारखान्यात होते. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. ते डाव्या हाताने छेडणारे, म्हणजे स्वर दाबायचा हात नेमका उजवा. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यावर चामडे चिकटवले, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा ढिल्या करून वाद्याची पट्टीच खाली उतरवली, म्हणजे दाबायला जोर कमी लागेल. मेटलचा तो जड, खर्जातला आवाज पुष्कळसा या अपघातातून आला. ५ जुलै २०२५ रोजी त्याच बर्मिंगहॅममध्ये सॅबथच्या चौघांचा निरोपाचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर सतराच दिवसांनी त्यांचे गायक ऑझी ऑस्बोर्न वारले. ज्या दिवशी नातवाने ही हकिगत सांगितली, त्या दिवशी यजमान काही बोलले नाहीत, पण नंतर त्यांनी ते टोपणाचे चित्र मोबाइलवर मागून घेऊन बराच वेळ पाहिले. किर्लोस्करवाडी असो, माधवनगरची गिरणी असो की कुपवाड, यंत्राच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसांचे जे शहर आहे, त्याला हे संगीत परके वाटावे याचे मला नवल वाटते.

पंकविषयी थोडक्यात लिहिते, कारण मला त्यातले कमी कळते. १९७० च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये, वाद्ये धड न येणाऱ्या मुलांनी दोन-तीन कॉर्डच्या बळावर आपला राग बोलून दाखवला, एवढे त्याचे सार. १९७७ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी त्यातल्या एका गाण्यावर बीबीसीने बंदी घातली आणि तरीही ते खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. आपल्याकडे तुणतुण्याला तार एकच असते. ती एक तार आणि डफ घेऊन वाटेगावचे अण्णा भाऊ साठे गायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या लाल बावटा कलापथकावर त्या वेळच्या मुंबई सरकारने बंदी आणली होती. नातवाच्या बँडचे एक गाणे २०१९ च्या महापुरावर आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, ते ओसरल्यावर घराच्या भिंतीवर चिखलाची जी रेघ उरली तिच्याविषयी ते आहे. शब्दरचना कच्ची आहे, यमके ओढूनताणून आणलेली आहेत, आणि तरीही गावभागातल्या माझ्या माहेरची भिंत डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहिली नाही.

आपल्या माणसांना ही गल्लत महाग पडली, असे मी वर म्हटले. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले म्हणून आपण शहराला नाट्यपंढरी म्हणवतो, परंतु नाटकात काम करणाऱ्याला मुलगी द्यायला त्यानंतर कित्येक वर्षे लोक कचरत होते. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी घरातले श्रीधर तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले, त्यांना त्यांच्याच जातीने दूर लोटले. १९४५ मध्ये ते गेले ते हलाखीत, आणि आता त्यांच्या लावण्यांवर प्रबंध लिहिले जातात. १९०५ मध्ये मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर तिकीट लावून भर सभेत गायला बसल्या, त्या काळात बाईने असे गावे काय, यावर शिकलेली माणसे वाद घालत होती. मी शाळेत गायन शिकवू शकले ते त्यांच्यासारख्या बायकांनी आधी तो वाद सोसला म्हणून. पेटीचे तर काय सांगावे! १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये घडलेले ते वाद्य आपल्या नाट्यसंगीताने आणि भजनी मंडळांनी आपले केले, तरी त्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. १९५२ मध्ये नभोवाणी खाते हाती आलेले डॉ. बा. वि. केसकर हे आपल्यातलेच विद्वान गृहस्थ. शास्त्रीय संगीतावरच्या प्रेमापोटी त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार लावून घेतले, आणि अख्खा देश संध्याकाळी रेडिओ सिलोनकडे काटा फिरवू लागला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली ती त्यानंतर. केसकरांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. आमच्या पिढीच्या अनेक गायनशिक्षकांना मनातून त्यांचेच म्हणणे पटत होते, मलाही बरीच वर्षे पटत होते, आणि शाळेत मी कितीतरी मुलांना सिनेमाची गाणी गुणगुणल्याबद्दल बाकावर उभे केले आहे.

या दृष्टिकोनाला पोलीस आणि न्यायालय यांची जोड मिळाली की काय होते, याचे उदाहरण दुसऱ्या पत्रलेखकांनी लक्षात घ्यावे. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात वेस्ट मेम्फिस या गावी १९९३ मध्ये आठ वर्षांच्या तीन मुलांचा निर्घृण खून झाला. संशय तीन किशोरवयीन मुलांवर गेला, त्यातला मोठा काळे कपडे घालत असे आणि मेटालिका हा बँड ऐकत असे, आणि खटल्यात त्याचे कपडे, वाचन, आवडीचे संगीत हे सारे सैतानी विधीच्या पुराव्यादाखल मांडले गेले. एकाला मृत्युदंड आणि दोघांना जन्मठेप झाली. पुढे डीएनए तपासणीत घटनास्थळाच्या नमुन्यांशी त्यांच्यापैकी कोणाचाही मेळ बसला नाही, आणि अठरा वर्षे तुरुंगात काढल्यावर २०११ मध्ये तडजोडीने तिघे सुटले. त्याआधी १९९० मध्ये नेवाडा राज्यात, दोन तरुणांच्या आत्मघाताला ज्यूडास प्रीस्ट या बँडच्या गाण्यात दडलेले शब्द कारणीभूत आहेत, असा दावा चालला होता, तो न्यायाधीशांनी फेटाळला. मुलगा गमावलेल्या आईवडिलांना काहीतरी कारण हवे असते, ते मी समजू शकते. काश्मीरमध्ये २०१३ साली शाळकरी वयाच्या तीन मुलींचा ‘प्रगाश’ हा बँड धमक्या आणि फतव्यामुळे बंद पडला, तिथे तर असे काही दुःखही मध्ये नव्हते. याउलट इंडोनेशियात गारुत या भागातल्या एका शाळेत, हिजाब घालणाऱ्या तीन मुलींना त्यांच्या शिक्षकानेच मेटल ऐकवले, वाद्ये हातात दिली, आणि त्या २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. मला त्या शिक्षकाचा हेवा वाटतो. बाकावर उभे केलेल्या माझ्या मुलांपैकी कोणी कुठे पोहोचले असते, कोण जाणे.

विरुद्ध बाजूचे खरे तेही मान्य करायला हवे. नॉर्वेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक मेटल म्हणवणाऱ्या काही वादकांनी जुनी लाकडी चर्चे जाळली, एकाने दुसऱ्याचा खून केला आणि त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली. पंकच्या काही टोळ्यांत वर्णद्वेषी घुसले होते, आणि त्यांच्याविरुद्ध इंग्लंडमध्ये त्याच संगीतातल्या लोकांनी चळवळ उभी केली. बायकांविषयी हीन शब्द काही गाण्यांत आहेत, आणि त्याबद्दल मी नातवाशी भांडलेही आहे. तथापि नॉर्वेच्या न्यायालयाने ज्याने खून केला त्याला शिक्षा दिली, त्याचे गाणे ऐकणाऱ्यांना दिली नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, राग आणून दिलेल्या ३९ श्रोत्यांपैकी ज्यांना हे कर्कश संगीत ऐकवले, त्यांचा राग वाढण्याऐवजी ओसरल्याचे आढळले. ३९ ही संख्या अगदीच थोडी आहे, त्यामुळे मी तिच्यावर फार भार टाकत नाही. आमच्या शेजारचा एक मुलगा परीक्षेच्या काळात तेच ऐकत अभ्यास करतो आणि माझा नातू आईवर चिडला की गिटार घेऊन वर गच्चीवर जातो, यावर मात्र माझा थोडा भरवसा आहे.

आवाजाची तक्रार ही खरी तक्रार आहे आणि ती करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि बंदिस्त सभागृहे वगळता रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे आहेत. या नियमांत गिटार किंवा सनई असा भेद नाही. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरत असे. शेजारी इस्पितळ असल्याने तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि तिथले कार्यक्रम थांबले, त्याबद्दल कोणाला रागावता येणार नाही. मात्र ज्या शहरात मिरवणुकीच्या डॉल्बीने खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीत कळा येतात, तिथे गोणपाटाआड रविवारी दुपारी वाजणारी गिटार संस्कृतीवरचे संकट ठरावी, याचा मेळ मला घालता येत नाही. डॉल्बीविरुद्ध मी याच सदरात यापूर्वी तीनदा लिहिले आहे. त्या पत्रांना उत्तर देताना, सणाच्या उत्साहाला गालबोट लावू नका, असे मला ज्यांनी सुनावले होते, त्यातले एक गृहस्थ आता घाटावरच्या मुलांवर नजर ठेवायला सांगत आहेत.

ज्यांना हे सारे शहरी, परदेशी खूळ वाटते त्यांच्यासाठी उत्तर जर्मनीतल्या वाकेन या गावाची गोष्ट सांगते. वस्ती दोन हजारांच्या आसपास, भोवती गायी आणि मक्याची शेते. १९९० पासून दर उन्हाळ्यात तिथे मेटलचा महोत्सव भरतो आणि जगभरातून ऐंशी हजारांच्या घरात माणसे लोटतात. गावकरी आपली शेते देतात, अंगणात न्याहारी विकतात, म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करतात, आणि गावच्या अग्निशमन दलाचे पितळी वाद्यांचे पथक तिथे व्यासपीठावर वाजवते. आपल्या एखाद्या जत्रेचेच हे वर्णन नाही का? भारतातला ब्लडीवूड हा बँड २०१९ मध्ये तिथे ढोल घेऊन गेला आणि त्या ढोलावर ती शेते नाचली. ढोल आपल्याकडे काय कमी आहेत?

त्या सभागृहाच्या व्यवस्थापनाकडे माझी मागणी साधी आहे. भाडे, अनामत, वेळ आणि डेसिबलची मर्यादा यांच्या अटी सर्व कार्यक्रमांना एकच असाव्यात, त्या दर्शनी भागात लावाव्यात, आणि तारीख रद्द करायचीच असेल तर कोणती अट मोडली गेली ते लेखी कळवावे. ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ हा रकाना खुर्च्या किती मांडायच्या आणि वीज किती लागेल हे कळण्यासाठी असतो, असे मी समजते. मुलांच्या कार्यक्रमाला दुप्पट अनामत भरण्याची, मोडतोड झाल्यास भरपाईची हमी देण्याची आणि संपूर्ण वेळ पहिल्या रांगेत, कानात बोंडे घालून का होईना, बसण्याची माझी तयारी आहे. तसे पत्र मी गेल्या सोमवारी व्यवस्थापनाकडे समक्ष दिले असून त्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. हळदीचा नवा माल यायला लागला की गोदाम मुलांच्या हातून जाईल, म्हणून ते लवकर यावे, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करते.

आपली नम्र,
एक निवृत्त गायनशिक्षिका,
विश्रामबाग, सांगली